शब्दओळख : मॉनिटर

मराठी पानावर या वेळी एका इंग्रजी शब्दाचा धडा का, असे कोणी विचारील. उत्तर सोपे आहे. हा शब्द आता नुसता इंग्रजी राहिलेला नाही. "मॉनिटर कोण आहे रे?" हा प्रश्न महाराष्ट्रातल्या खेड्यातल्या शाळेतही ऐकू येतो आणि आपल्या शाळेत तर रोजच येतो. मी स्वतः गेल्या सत्रात नववीचा मॉनिटर होतो. शब्द दिवसातून वीस वेळा ऐकत होतो. त्याचा अर्थ मात्र मला उन्हाळ्याच्या सुट्टीत, चेन्नईत, एग्मोरला घरी गेल्यावर कळला. तो आधी कळला असता तर एक चूक टळली असती. ती चूकही या लेखात सांगणार आहे.

१. रोजच्या वापरातले अर्थ

आधी हा शब्द आपण कुठे कुठे वापरतो ते पाहू.

(अ) वर्गातला मॉनिटर : "सर येईपर्यंत मॉनिटरने वर्ग शांत ठेवावा."
(आ) संगणकाचा पडदा : "सीपीयू चालू आहे, पण मॉनिटर बंद आहे."
(इ) रुग्णाच्या खाटेजवळचे यंत्र : "त्याला रात्रभर मॉनिटरवर ठेवले."
(ई) क्रियापद म्हणून : "हवामान खाते चक्रीवादळ मॉनिटर करत आहे."
(उ) एक प्राणी : घोरपडीला इंग्रजीत मॉनिटर लिझर्ड म्हणतात.
(ऊ) एका जातीची युद्धनौका. हा अर्थ आता मुख्यतः इतिहासात सापडतो.

मुलगा, पडदा, यंत्र, घोरपड आणि युद्धनौका यांना एकच नाव कसे मिळाले? यासाठी शब्दाच्या मुळाशी जायला हवे.

२. शब्दाचे मूळ

मॉनिटर हा मूळचा लॅटिन शब्द. लॅटिनमध्ये 'मोनेरे' असे क्रियापद आहे. त्याचा अर्थ आठवण करून देणे, सावध करणे, समजावणे. ते काम करणारा तो मॉनिटर. म्हणजे मूळ अर्थात पाहणे नाही, ओरडणे नाही आणि नाव लिहिणे तर अजिबात नाही. सावध करणारा, इतकाच अर्थ आहे.

याच मुळापासून निघालेले आणखी शब्द आपल्या ओळखीचे आहेत. 'मॉन्युमेंट' म्हणजे स्मारक, जे आठवण करून देते. चेन्नईत सेंट जॉर्ज किल्ल्याजवळ युद्धस्मारक आहे. तिथे उभे राहिले की हा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. 'प्रिमॉनिशन' म्हणजे आधीच मिळालेली सूचना, आपण जिला 'मनात पाल चुकचुकली' म्हणतो. 'अ‍ॅडमॉनिश' म्हणजे समज देणे. कोर्टाचे 'समन्स' मराठीत इतके रुळले आहे की ते इंग्रजीतून आले हेही आपण विसरलो, तेही याच घरातले. आणि 'मॉन्स्टर' म्हणजे राक्षससुद्धा! विचित्र प्राणी दिसला तर तो देवांनी दिलेला इशारा, असे रोमन लोक मानत. म्हणून मॉनिटर आणि मॉन्स्टर हे दूरचे भाऊ आहेत. ही माहिती मी आमच्या वर्गात सांगितली तेव्हा सर्वांत मोठा हशा याच वाक्याला मिळाला, आणि तो माझ्यावर होता.

३. घोरपड मॉनिटर कशी?

घोरपडीच्या नावामागे एक गंमत आहे. अरबी भाषेत या प्राण्याला 'वरल' म्हणतात. त्यावरूनच शास्त्रीय नाव 'वॅरॅनस' आले. युरोपातल्या लोकांना हा शब्द त्यांच्याकडच्या 'वॉर्न', म्हणजे सावध करणे, या शब्दासारखा वाटला. त्याचे लॅटिन केले आणि घोरपडीची मॉनिटर झाली, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. दुसरे असे की, मगर जवळ आली की हा प्राणी आवाज करून माणसांना सावध करतो, असा जुना समज होता. दोन्हींत मुद्दा एकच, सावध करण्याचा.

आपल्याला घोरपड वेगळ्या कारणाने ठाऊक आहे. तानाजी मालुसऱ्यांच्या यशवंती घोरपडीची गोष्ट पोवाड्यांतून सगळ्यांनी ऐकलेली असते. इतिहासकार तिला दंतकथा मानतात, पण घोरपडीची पकड मात्र दंतकथा नाही. एग्मोरला आमच्या शेजारच्या अण्णांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, तमिळमध्येही घोरपडीला 'उडुंबु' म्हणतात आणि हट्टाने धरून ठेवण्याला 'उडुंबु पिडी', म्हणजे घोरपडीची पकड. दोन भाषांना एकाच प्राण्याचा एकच गुण दिसला. जाता जाता एक सूचना : घोरपड वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. शिबिरात दिसली तर लांबूनच पाहावी.

४. युद्धनौकेचे नाव

अमेरिकेच्या यादवी युद्धात जॉन एरिक्सन या अभियंत्याने उत्तरेच्या बाजूसाठी एक लोखंडी नौका बांधली. तिचा पृष्ठभाग पाण्याला जवळजवळ टेकलेला होता आणि वर दोन तोफांचा एक फिरता बुरूज होता. नाव ठेवायची वेळ आली तेव्हा एरिक्सनने 'मॉनिटर' सुचवले. बंड करणाऱ्यांना ही नौका समज देईल, असा त्याचा विचार होता. ९ मार्च १८६२ रोजी तिची दक्षिणेच्या 'व्हर्जिनिया' या चिलखती नौकेशी लढाई झाली. काही तास गोळाफेक करूनही कोणी कोणाला बुडवू शकले नाही. पण लाकडी युद्धनौकांचे दिवस संपले, हा इशारा साऱ्या जगाला मिळाला. त्यानंतर अशा बुटक्या, बुरूजवाल्या नौकांना मॉनिटर हेच जातिवाचक नाव पडले. 'मॅगडाला' आणि 'अ‍ॅबिसिनिया' या दोन मॉनिटर नौका १८७० साली मुंबई बंदराच्या रक्षणासाठी बांधल्या गेल्या होत्या. म्हणजे आपल्या मुंबईनेही मॉनिटर पाहिले आहेत.

५. एग्मोरचा आठ वर्षांचा मास्तर

आता शाळेतल्या मॉनिटरकडे वळू. वर्गातल्या मोठ्या किंवा हुशार मुलावर इतर मुलांची जबाबदारी देण्याची पद्धत फार जुनी आहे. पण तिची पूर्ण पद्धत बांधून ती जगभर गेली ती कुठून? मी सुट्टीत राहतो त्या एग्मोरमधून. हे मला माहीत नव्हते. आमच्या घराजवळ पँथिअन रोडवर सरकारी संग्रहालय आहे आणि त्याच आवारात १८९६ साली उघडलेले कॉनेमारा वाचनालय आहे. शब्दओळख लिहायची म्हणून मी तिथे बसलो, आणि ही गोष्ट हाती लागली.

१७८९ साली एग्मोरमधल्या जुन्या लष्करी गढीत सैनिकांच्या मुलांसाठी एक अनाथगृह सुरू झाले. आज जिथे एग्मोर रेल्वे स्टेशन आहे, त्याच भागात. तिथली मुले राहायलाही तिथेच होती. म्हणजे सैनिकांच्या मुलांची निवासी शाळाच म्हणा. तिची व्यवस्था अँड्र्यू बेल नावाच्या स्कॉटिश धर्मोपदेशकाकडे होती. शाळेत शिक्षक होते, पण लहान मुलांना अक्षरे येत नव्हती.

एके सकाळी बेल घोड्यावरून जात असताना त्यांना एक देशी शाळा दिसली. मुले जमिनीवर बसून वाळूत बोटाने अक्षरे काढत होती. बेल यांनी परत येऊन आपल्या शाळेत तसेच करायला सांगितले. खालच्या वर्गाच्या शिक्षकाने सांगितले की हे जमणार नाही. तेव्हा बेल यांनी तो वर्ग जॉन फ्रिस्कन नावाच्या एका विद्यार्थ्याकडे सोपवला. तो एका साध्या शिपायाचा मुलगा होता आणि त्याचे वय होते आठ. फ्रिस्कनने ते करून दाखवले. मग बेल यांनी सगळ्याच शाळेत मुलांना मुलांचे शिक्षक केले.

१७९७ साली बेल यांनी इंग्लंडमध्ये या प्रयोगावर पुस्तक प्रसिद्ध केले. 'मद्रास पद्धत' या नावाने ती हजारो शाळांत पोचली. त्याच सुमारास लंडनमध्ये जोसेफ लँकेस्टर यांनीही अशीच पद्धत चालवली. शिकवणाऱ्या मुलांना 'मॉनिटर' हे नाव रूढ झाले ते त्यांच्या शाळांमुळे. स्कॉटलंडमध्ये बेल यांच्या सेंट अँड्र्यूज या गावी त्यांच्या देणगीतून उभी राहिलेली शाळा आजही आहे. तिचे नाव 'मद्रास कॉलेज'.

मी हे आजोबांना फोनवर वाचून दाखवले. ते साताऱ्याकडे असतात. ते हसले आणि म्हणाले, "अरे, आपल्याकडे याला धुळाक्षरं म्हणतात. पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर मुलं लिहायची, आणि मोठा मुलगा धाकट्याचा हात धरून गिरवून घ्यायचा. साहेबानं पाहिलं ते आपल्याला ठाऊकच होतं."

'हात धरून गिरवून घ्यायचा' हे शब्द माझ्या डोक्यात राहिले. मद्रास पद्धतीतही दोष होतेच. मुले अर्थ न कळता घोकत, आणि स्वस्तात शाळा चालते म्हणून ती अनेकांना आवडत असे. पुढे ती मागे पडली. पण फ्रिस्कनचे काम काय होते ते पाहा. ज्याला येत नाही त्याच्याजवळ बसायचे. मी मॉनिटर होतो तेव्हा कुठे बसत होतो? सगळ्यांच्या समोर, सरांच्या खुर्चीत.

६. माझी चूक

माझ्या मित्राची परवानगी घेऊन हे लिहितो आहे. त्याचे नाव लिहीत नाही. फळ्यावर पुष्कळदा लिहून झाले आहे.

संध्याकाळच्या अभ्यासाच्या तासाला वर्गात सर नसतात. गणिताची उदाहरणे फळ्यावर असतात. जो बोलेल त्याचे नाव मॉनिटरने फळ्याच्या कोपऱ्यात लिहायचे आणि दुसऱ्या दिवशी त्याने मैदानाच्या फेऱ्या मारायच्या, असे ठरलेले होते. माझा हा मित्र शेवटच्या बाकावर बसायचा. तो रोज शेजाऱ्याशी बोलायचा. मी रोज त्याचे नाव लिहायचो. मित्र आहे म्हणून सोडले, असे कोणी म्हणू नये, म्हणून त्याचे तर आधी लिहायचो. मला माझा अभिमान वाटत होता. एका आठवड्यात पाच दिवस त्याने फेऱ्या मारल्या. एकदाही त्याने तक्रार केली नाही.

सत्राच्या शेवटी सर्वांची वैद्यकीय तपासणी झाली. डोळ्यांच्या तक्त्यावरच्या खालच्या निम्म्या ओळी त्याला वाचता आल्या नाहीत. शेवटच्या बाकावरून फळा त्याला पुसट दिसत होता. तो शेजाऱ्याला विचारायचा, "तिथे तीन आहे की आठ?" एवढेच त्याचे बोलणे होते.

त्याला वायुदलात वैमानिक व्हायचे आहे. चष्मा लागला तर सगळे संपेल, या भीतीने त्याने कोणालाही सांगितले नव्हते. रात्री वसतिगृहात मी त्याला विचारले, "मला का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "तू विचारलंस कधी? तू फक्त लिहायचास."

मला उत्तर सुचले नाही. वर्गातल्या चाळीस मुलांवर मी लक्ष ठेवत होतो. कोणाचे ओठ हलतात ते मला दिसत होते. का हलतात, हे पाहायला मी जागेवरून उठलो नव्हतो.

सुट्टीत हे मी आईला सांगितले. माझी आई नर्स आहे. लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात तिची ड्यूटी असते. मला वाटले, ती माझी समजूत काढेल. तिने विचारले, "आमच्याकडचा मॉनिटर काय करतो, माहीत आहे?"

मी म्हणालो, "नाडी, श्वास आणि ऑक्सिजन दाखवतो."

"ते तर दाखवतोच. पण ऑक्सिजन ठरलेल्या आकड्याच्या खाली गेला की वाजायला लागतो. मग आम्ही धावतो. तो पेशंटवर ओरडत नाही रे, पेशंटसाठी ओरडतो."

दुसऱ्या दिवशी वाचनालयात शब्दकोश उघडला तेव्हा 'सावध करणारा' हा अर्थ वाचून मला आईचे वाक्य आठवले. कोश आणि आई एकच सांगत होते.

७. मराठीत काय म्हणावे?

इंग्रजीत 'मॉनिटर करणे' हा एक शब्द अनेक ठिकाणी चालतो. मराठीत त्याला किती तरी शब्द आहेत आणि प्रत्येकाचा रंग वेगळा आहे.

पाळत ठेवणे : समोरच्याला न कळता पाहणे. शत्रूवर किंवा संशयितावर ठेवतात.
नजर ठेवणे : संशय थोडा कमी, पण आहेच.
देखरेख करणे : जबाबदारीने पाहणे. कामावर किंवा व्यवस्थेवर करतात.
लक्ष ठेवणे : काही चुकू नये म्हणून पाहणे. दूध उतू जाऊ नये म्हणून आई आपल्याला सांगते ते हेच.
लक्ष देणे : वेळ काढून, मन लावून पाहणे. आजारी माणसाकडे आणि अभ्यासाकडे देतात.

शेवटच्या दोन शब्दांतला फरक नीट पाहा. लक्ष 'ठेवतात' एखाद्यावर, पण लक्ष 'देतात' एखाद्याकडे. एकात लक्ष आपलेच राहते, दुसऱ्यात ते समोरच्याला मिळते. मी मित्रावर लक्ष ठेवले होते. त्याच्याकडे दिले नव्हते.

आणखी एक शब्द आपणच तयार केला आहे : 'मॉनिटरगिरी'. मराठीत 'गिरी' लागली की पुष्कळदा शब्दाची किंमत उतरते, जसे दादागिरी. मुले कोणाला 'मॉनिटरगिरी करू नकोस' म्हणतात तेव्हा रागावण्याआधी मॉनिटरने एकदा विचार करावा. आपले काम 'गिरी'कडे तर झुकले नाही ना?

इथे शिस्तीविरुद्ध काही सांगायचे नाही. संत्री पहाऱ्यावर असतो तेव्हा तो आधी "थम!" म्हणून हाक देतो. हाक न देता कारवाई करणारा संत्री चांगला नव्हे, आणि हाक द्यायला विसरणारा तर नव्हेच. मॉनिटरचेही तसेच. नाव लिहावे लागले तर लिहावेच. पण त्याआधी एक हाक द्यावी.

या सत्रात मी मॉनिटर नाही. पण नव्या मॉनिटरला मी हे सांगितले आणि आम्ही मिळून एक पद्धत ठरवली. सरांनीही तिला संमती दिली. कोणी बोलताना दिसला तर आधी त्याच्या बाकापर्यंत जायचे आणि हळू आवाजात विचारायचे, "काय अडलंय?" गंमत म्हणजे निम्म्या वेळा खरेच काही तरी अडलेले असते. उरलेल्या निम्म्या वेळा क्रिकेट असते, आणि त्यांची नावे फळ्यावर जातात.

माझा मित्र आता पहिल्या बाकावर बसतो. त्याला चष्मा लागला आहे. वैमानिक होता येईल की नाही, हे पुढे वैद्यकीय मंडळ ठरवील. गणितात त्याला सहामाहीला माझ्यापेक्षा सहा गुण जास्त पडले. मॉनिटर करण्याची पाळी आता त्याची आहे, असे तो मला सांगतो.

स्वाध्याय

१. 'मोनेरे' या लॅटिन क्रियापदाचा अर्थ सांगा. त्यापासून तयार झालेले, या लेखात आलेले चार शब्द लिहा.

२. पुढील वाक्यांत 'मॉनिटर' ऐवजी योग्य मराठी शब्द वापरा : (अ) सीमेवरची चौकी शत्रूच्या हालचाली मॉनिटर करते. (आ) मेसमध्ये स्वयंपाकाची स्वच्छता मॉनिटर केली जाते. (इ) नवीन आलेल्या सहावीच्या मुलांना पहिला महिना मॉनिटर करावे.

३. दुसऱ्या प्रश्नातील (इ) या वाक्यासाठी 'पाळत ठेवणे' हा शब्द का चालणार नाही, ते तीन ओळींत लिहा.

४. आपल्या मातृभाषेत घोरपडीवरून एखादा वाक्प्रचार आहे का? घरी विचारून लिहा.

५. आपल्या वर्गात सतत बोलणारा किंवा कधीच न बोलणारा एक मुलगा निवडा. त्याचे नाव कुठेही लिहू नका. त्याच्या बाकावर जाऊन बसा आणि त्याला काय अडले आहे ते विचारा. हे उत्तर तपासायला द्यायचे नाही.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी
(सुट्टीतला मुक्काम : एग्मोर, चेन्नई)